उचललेली गाडी आणि बदललेला कोन



मराठीचा निवृत्त प्राध्यापक स्मृतिव्याख्यानासाठी उभा राहिला की तो संतकाव्यावर किंवा नवकथेवर बोलणार, असे सभागृहाने गृहीत धरलेले असते. मी आज जीपच्या पोटाखाली फिरणाऱ्या एका लोखंडी दांड्यावर बोलणार आहे. त्याचे पहिले कारण या जागेतच आहे. आपला हा कॅम्प मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचा. जीप, जोंगा आणि जिप्सी या लष्करी गाड्या इथल्या मुलांनी अक्षरओळखीच्या वयातच पाहिलेल्या असतात. निपाणीकडच्या खेड्यांतून वडाप करणाऱ्या जीप आणि ट्रॅक्स यांनी एका पिढीला बाजार दाखवला, शाळा दाखवली. आज याच भागातील तरुण जुन्या जीप विकत घेऊन, मागून-पुढून उचलून, चोर्ला आणि आंबोलीच्या रस्त्यांनी हौसेने नेतात. दुसरे कारण माझ्या विषयाशी निगडित आहे. गाडी उचलल्यावर आत काय घडते, हे मराठीत नीट सांगता येते, आणि ते न सांगितल्यामुळे माणसे धोक्यात येतात, अशी माझी समजूत आहे.

पोटाखालची मांडणी

प्रथम शब्द ठरवून घेऊ. गिअरबॉक्समधून (चारही चाकांना जोर देणाऱ्या जीपमध्ये त्याला जोडलेल्या ट्रान्स्फर केसमधून) निघालेली फिरकी मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याला पर्यायी संस्कृत शब्द घडवता येईल. परंतु गॅरेजातील मिस्त्री त्याला ‘शाफ्ट’ म्हणतो, म्हणून मीही तसेच म्हणेन. ज्या जाड नळीत मागच्या चाकांचे आस असतात ते ‘हाऊसिंग’. त्याच्या मध्यावर फुगीर भाग असतो आणि त्यातून पुढे तोंड काढून बसलेला दातेरी दांडा म्हणजे पिनियन. शाफ्ट एका टोकाला गिअरबॉक्सला आणि दुसऱ्या टोकाला या पिनियनला जोडलेला असतो. दोन्ही जोडांत अधिकच्या चिन्हासारखा एक पोलादी तुकडा असतो. त्याला सर्वत्र ‘क्रॉस’ म्हणतात.

हाऊसिंग गाडीला बांधलेले असते ते कमानींनी. एकावर एक रचलेले पोलादी पाटे म्हणजे एक कमान. या कमानीचे काम केवळ ओझे पेलण्याचे आहे असे बहुतेकांना वाटते. वास्तविक जीपमध्ये ती दुसरेही काम करते. हाऊसिंग पुढे-मागे सरकू नये आणि स्वतःभोवती गरगर वळू नये, याची जबाबदारीही तिच्यावरच असते. अॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या आपल्या जुन्या मोटारींतही मागे हीच रचना होती. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये जोर पुढच्या चाकांना असल्यामुळे मागे जाणारा शाफ्टच नव्हता, म्हणून आजचा प्रश्न त्या जातीच्या गाड्यांना लागू होत नाही.

गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला पक्का बसवलेला. हाऊसिंग चाकांबरोबर वर-खाली होणारे. एक स्थिर आणि एक चंचल अशा दोघांना जोडणारा हा शाफ्ट सरळ रेषेत राहणे शक्यच नाही. तो तिरपा असतो. तिरप्या अवस्थेतही फिरकी पुढे पोहोचावी म्हणून क्रॉस लागतो.

क्रॉसचा स्वभाव

या सांध्याला युरोपात इटालियन गणिती कार्दानो (१५०१–१५७६) याचे नाव मिळाले आणि इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक (१६३५–१७०३) याचे. हूकने १६७६ साली प्रसिद्ध केलेल्या, सूर्याच्या निरीक्षणाची साधने वर्णन करणाऱ्या पुस्तिकेत या सांध्याचा विचार केला आहे. मोटार जन्माला येण्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. सूर्याच्या निरीक्षणाशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध फार जवळचा आहे, आणि तोच आपल्याला हा सांधा समजावून देईल.

शाळेच्या पटांगणात एक आडवी सूर्यघडी आहे अशी कल्पना करा. तिची शलाका पृथ्वीच्या आसाशी समांतर, म्हणजे बेळगावात क्षितिजाशी सुमारे १६ अंशांनी कललेली. सूर्य आकाशात तासाला १५ अंश या एकाच गतीने सरकतो. पण जमिनीवरची सावली? आपल्या अक्षांशावर ती दुपारी बारा ते एक या तासात जेमतेम ४ अंश सरकते, आणि सायंकाळी पाच ते सहा या तासात सुमारे ४४ अंश. फिरणारा समगतीने फिरतो आहे. परंतु त्याचे फिरणे तिरप्या आसावरून आडव्या पाटीवर उतरले की ते कधी मंद, कधी शीघ्र होते.

क्रॉसमध्ये हेच घडते. गणिताचे सूत्रही तेच. एका बाजूचा दांडा एकसारखा फिरत असला आणि दुसरा त्याच्याशी कोन करून असला, तर दुसरा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. एकूण फेरे दोघांचे सारखेच भरतात. बिघाड असतो तो फेऱ्याच्या आत. कोन ३ अंश असेल तर ही चढ-उतार हजारात दीडहूनही कमी. ६ अंशांना ती शेकडा अर्ध्याच्या थोडी वर जाते. १० अंशांना दीड टक्का, आणि २० अंशांना सहा टक्क्यांच्या वर. हा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण कोन दुप्पट झाला की विषमता दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होते.

आता ही विषमता किती वेगाने येते ते पाहू. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. त्या घराण्यातील सीजे-३बी जीपमध्ये मागच्या दातांचे गुणोत्तर ५.३८ होते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगाला शाफ्ट सेकंदाला सुमारे ४० फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात दोन हिसके, म्हणजे सेकंदाला ८० हिसके. वेग दुप्पट केला तर या हिसक्यांचा जोर चौपट होतो. हळू चालवताना न जाणवणारी थरथर महामार्गावर एकाएकी का सुरू होते, त्याचे उत्तर इथे आहे.

एकाची चूक दुसऱ्याने सावरायची

मग सामान्य गाडी थरथरत का नाही? कारण शाफ्टला दोन क्रॉस असतात. पहिल्या क्रॉसने केलेली गतीची विषमता दुसरा क्रॉस उलट्या दिशेने करतो, आणि पिनियनपर्यंत पोहोचेतो फिरकी पुन्हा एकसारखी होते. मात्र हा सलोखा दोन अटींवर टिकतो.

पहिली अट : शाफ्टच्या दोन टोकांचे चिमटे, म्हणजे ज्या दुबेळक्यांत क्रॉस बसतो ते भाग, एकाच पातळीत असले पाहिजेत. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे खाचांमध्ये एकमेकांत सरकतात. क्रॉस बदलताना शाफ्ट सोडवला आणि परत जोडताना एखाद-दुसरी खाच इकडे-तिकडे झाली, की ही अट मोडते. म्हणूनच अनेक शाफ्टांवर बाणाच्या खुणा कोरलेल्या असतात. त्या समोरासमोर याव्या लागतात.

दुसरी अट : दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. गिअरबॉक्समधून येणारी रेषा आणि पिनियनची रेषा एकमेकींना समांतर असतील तर ही अट आपोआप पाळली जाते. शाफ्ट मग दोन समांतर रेषांना छेदणाऱ्या तिरप्या रेषेसारखा असतो, आणि व्युत्क्रम कोन समान असतात हे या शाळेच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला नववीपर्यंत कळलेले असते.

कारखान्यांचा सर्वसाधारण संकेत असा की प्रत्येक टोकाचा कोन शक्यतो ३ अंशांच्या आत असावा आणि दोन कोनांतील फरक १ अंशाहून अधिक नसावा. कोन शून्यही नसावा. किमान अर्धा अंश तरी हवा. क्रॉसच्या टोप्यांत सुईसारखे बारीक रोळ असतात. कोन मुळीच नसेल तर ते फिरत नाहीत, एकाच जागी आपटत राहतात आणि पोलादावर चरे पाडतात. आखूड जीपला ३ अंशांची मर्यादा पाळणे मुळातच कठीण असते. तिचा शाफ्ट लहान, आणि म्हणून तिरपेपणा अधिक.

मागची बाजू उचलली की

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. समजा शाफ्ट ६० सेंटिमीटर लांब आहे आणि दोन्ही टोकांना ६ अंशांचा कोन आहे. मागची बाजू ५ सेंटिमीटर उचलली. दोन इंच म्हणजे काहीच नाही, असे डोळ्यांना वाटते. पण कोन ६ वरून पावणेअकरा अंशांवर जातो, आणि शाफ्टमधील गतीची विषमता तिपटीहून अधिक होते. हीच ५ सेंटिमीटरची उंची दीड मीटर लांबीच्या शाफ्टला दिली असती तर कोनात दोन अंशांचीही भर पडली नसती. दुसऱ्याच्या लांब गाडीला जे सोसले ते आपल्या आखूड जीपला सोसेल, असे मानणे त्यामुळे फसवे ठरते.

उचलण्याच्या रीतीवरही पुष्कळ अवलंबून आहे. आपल्याकडे मुख्यतः तीन रीती दिसतात.

पहिली रीत पाटा वाढवण्याची, किंवा अधिक बाक असलेले पाटे घालण्याची. यात हाऊसिंग जवळजवळ सरळ खाली जाते. पिनियनची रेषा फारशी फिरत नाही, म्हणून दोन्ही कोन वाढतात पण साधारण समान राहतात. पिनियनला पोहोचणारी फिरकी एकसारखी असते. परंतु मधला शाफ्ट मात्र पूर्वीपेक्षा अधिक हिसके खात फिरतो, आणि क्रॉस अधिक झिजतात.

दुसरी रीत सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत लोकप्रिय : कमानीच्या मागच्या टोकाचा शॅकल बदलून लांब घालायचा. कमानीचे पुढचे टोक पक्के असते, मागचे शॅकलला टांगलेले असते, आणि हाऊसिंग कमानीच्या मध्यावर. त्यामुळे ५ सेंटिमीटर उंची मिळवण्यास शॅकल १० सेंटिमीटर लांब घ्यावा लागतो. यात संपूर्ण कमान पुढच्या टोकाभोवती कलते, आणि तिच्याबरोबर हाऊसिंगही वळते. कमान ११० सेंटिमीटर लांब असेल तर हे वळण सुमारे ५ अंशांचे होते आणि पिनियनचे तोंड तेवढे वर उचलले जाते. आता पुढच्या टोकाला पावणेअकरा अंश आणि मागच्या टोकाला साडेपाच. दोन रेषा समांतर उरल्या नाहीत. एका क्रॉसने केलेला बिघाड दुसरा पूर्ण सावरू शकत नाही. गणिताने पाहिले तर शिल्लक राहणारा बिघाड एकाच क्रॉसने ९ अंशांच्या कोनात फिरावे एवढा असतो, आणि तो थेट मागच्या दातांवर जातो.

तिसरी रीत मोठ्या कामाची. विलीज घराण्यातील जीपमध्ये कमानी हाऊसिंगच्या खाली बांधलेल्या असतात. त्या काढून हाऊसिंगच्या वर बसवल्या की गाडी एकदम बारा-तेरा सेंटिमीटर उंच होते. इथे कमान टेकण्याच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतात. म्हणजे पिनियनचा कोन नेमका ठेवण्याची संधी मिळते. परंतु मोजमाप न करता वेल्ड केले तर चूक कायमची होऊन बसते.

वडापच्या गाड्यांविषयी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. तिथे पाटा वाढवण्यामागे हौस नसते, पोट असते. अधिक माणसे बसावीत, अधिक पोती यावीत म्हणून मागे एकेक पाटा चढवला जातो. भरलेली गाडी दबून बसते तेव्हा कोन ठीक असतो. बाजारात माणसे उतरून गाडी रिकामी परतू लागली की कडक कमानींवर तिची मागची बाजू उंच राहते, आणि शाफ्टचा कोन तेव्हा सर्वाधिक असतो. ‘भरल्यावर बरी चालते, रिकामी थरथरते’ ही चालकांची तक्रार त्यामुळे निराधार नसते. ती भूमितीची साक्ष असते.

परिणाम आणि धोका

उंची वाढली की शाफ्टला लांबीही अधिक लागते. आपल्या उदाहरणात ती जागेवरच पाऊण सेंटिमीटरने वाढते. चाक खड्ड्यात लोंबकळले की आणखी. तेवढ्याने सरकत्या तुकड्याची आतली पकड कमी होते. ती फार कमी झाली तर एखाद्या मोठ्या खड्ड्यात दोन तुकडे वेगळे होऊ शकतात.

लक्षणे क्रमाने येतात. प्रथम ठराविक वेगाला तळव्यांना जाणवणारी थरथर. मग अॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना ‘टक्’ असा आवाज. मग पिनियनच्या सीलमधून तेल. आणि शेवटी क्रॉस तुटणे. शाफ्टचे पुढचे टोक सुटून रस्त्यावर घासू लागले तर ते रस्त्यात रुतून गाडीला मागून उचलू शकते.

याहून गंभीर बाब कमी लोकांच्या ध्यानात येते. विलीज घराण्यातील जुन्या जीपमध्ये हॅण्डब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टच्या मुळाशी असतो. तो शाफ्टला धरतो, आणि शाफ्ट चाकांना. क्रॉस तुटला की हॅण्डब्रेक ओढूनही चाके मोकळीच. उतारावर गिअरमध्ये ठेवून इंजिनाने मागची चाके रोखण्याचा जो भरवसा असतो तोही त्याच क्षणी जातो. तवंदीच्या घाटात किंवा चोर्ल्याच्या वळणावर हे घडले, तर हाताशी फक्त पायाचा ब्रेक उरतो. उभी करून ठेवलेली, मागे दगड न लावलेली गाडी तर कोणाच्याही हाती उरत नाही.

उपाय

उंच गाडी मुळीच नको असे मी म्हणत नाही. नदीपात्रातून, उसाच्या फडातून जाणाऱ्या गाडीला जमिनीपासून अंतर लागतेच. उंची देताना कोनाचा हिशेब करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मोजण्याचे साधन साधे आहे : कोन दाखवणारी पातळी. गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी असावी. जॅकवर टांगलेली नसावी. तिच्यात नेहमीचे ओझे असावे. गिअरबॉक्सची रेषा, शाफ्टची रेषा आणि पिनियनची रेषा अशी तीन मापे उचलण्यापूर्वी घ्यावीत आणि उचलल्यानंतर पुन्हा घ्यावीत. वहीच्या एका पानावर सहा आकडे. त्यावरून दोन्ही कोन सांगता येतात.

कोन असमान निघाले तर कमान आणि हाऊसिंगची बैठक यांच्यामध्ये योग्य अंशांची पोलादी पाचर घालून पिनियन पुन्हा समांतर करता येतो. पाचर मारणे म्हणजे मराठीत दुसऱ्याच्या कामात खोडा घालणे; इथे मात्र पाचर मेळ घालते. ती पातळ बाजूने कोणत्या दिशेला ठेवायची हे मापावरून ठरते, अंदाजाने नव्हे.

पिनियन अगदी समांतर न ठेवता एक-दोन अंश खाली झुकलेला ठेवतात, त्यालाही कारण आहे. चाक जमिनीला मागे रेटते तेव्हा हाऊसिंग उलट दिशेने वळू पाहते, पाटे पिळले जातात आणि पिनियनचे तोंड वर उठते. पहिल्या गिअरमध्ये घाट चढताना हा पीळ सर्वाधिक असतो. उभ्या गाडीत थोडा झुकलेला पिनियन चढावर नेमका समांतर होतो.

कोन समान करूनही फार मोठे राहिले, तर ट्रान्स्फर केसच्या बाजूला जोडक्रॉस बसवतात. एका जागी लागोपाठ दोन क्रॉस असल्यामुळे ते आपला बिघाड आपसातच मिटवतात. अशा शाफ्टला मात्र समांतरतेचा नियम लागू नाही; तिथे पिनियनचे तोंड सरळ शाफ्टच्या रोखाने वळवावे लागते. जोडक्रॉस बसवून पिनियन जुन्याच कोनात ठेवला तर खर्च होतो आणि थरथर कायम राहते. शिवाय दोन्ही प्रकारांत शाफ्टची लांबी तपासून, गरज असल्यास नव्या लांबीचा शाफ्ट तोल साधून करून घ्यावा. उद्यमबागेतील यंत्रशाळांच्या शहरात हे काम अवघड नाही.

गुंडाळीच्या स्प्रिंगा असलेल्या नव्या गाड्यांत, उदाहरणार्थ २०२० नंतरच्या थारमध्ये, हाऊसिंगला निराळ्या दांड्यांनी धरलेले असते. तिथे पिनियनचा कोन त्या दांड्यांच्या लांबीवर ठरतो. २०१० च्या थारमध्ये मागे पाटेच होते, म्हणून वरचे विवेचन तिला जसेच्या तसे लागू पडते.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. पाट्याला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणे म्हणूनच शहाणपणाचे.

श्रोतेहो, गाडी उचलताना आपण एकच माप पाहतो : जमिनीपासूनचे अंतर. पण गाडीत एकटी वाढणारी उंची नसते. तिच्याबरोबर कोन वाढतो, लांबी ताणली जाते, पिनियनचे तोंड फिरते, आणि शाफ्टवर विसंबलेला हॅण्डब्रेकही त्या हिशेबात ओढला जातो. गॅरेजात ‘दोन इंच उचला’ असे सांगणाऱ्या माणसाने त्याच श्वासात ‘आणि शाफ्टचा कोन किती होईल?’ असेही विचारावे. मिस्त्रीला हा प्रश्न मराठीत कळतो, त्याचे उत्तरही तो मराठीत देऊ शकतो. या शाळेतून गेलेल्या आणि आज घाटरस्त्यांवर आपल्या मुलाबाळांना घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाने तो प्रश्न विचारावा, एवढीच या व्यासपीठावरून विनंती.